आल्प्समध्ये राहताना ऑस्ट्रियन जेवण नीट कसं खायचं: टिरोलमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरीला किंवा शिकायला ऑस्ट्रियात आलेली आपली बरीच मंडळी पहिले काही महिने पिझ्झा, कबाब आणि घरचा वरणभात यावरच काढतात, कारण मेन्यूकार्ड जर्मनमध्ये असतं आणि निघण्याआधी कुणीतरी सांगितलेलं असतं की तिकडं नुसतं मांस आणि बटाटे. आल्प्सच्या भागाबद्दल तरी हे साफ चुकीचं आहे. टिरोल, साल्झबुर्ग, फोरार्लबर्ग, केर्न्टन या डोंगराळ राज्यांतलं जुनं शेतकरी जेवण म्हणजे मुळात दूध, चीज, लोणी, पीठ, अंडी, बटाटे आणि शिळा पाव. मांस रविवारी आणि सणाला, बाकी दिवस पिठाचे पदार्थ. त्यात हा कॅथलिक मुलूख, शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे गोड पदार्थच मुख्य जेवण म्हणून खायची पद्धत इथं पक्की आहे आणि बऱ्याच कँटीनमध्ये शुक्रवारी अजूनही तसंच मिळतं. मी इन्सब्रुकला राहते, म्हणून उदाहरणं टिरोलची जास्त येतील, पण पद्धत सगळीकडं चालते. माझं म्हणणं एवढंच आहे की श्नित्सल, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ तुकडा, त्यापासून सुरुवात करू नका, दुधापिठाच्या पदार्थांपासून करा, आणि जो पदार्थ जिथं आणि ज्या दिवसांत बनतो तिथं जाऊन त्याच दिवसांत खा.

पायरी १: पहिलं जेवण दुपारचं करा

रात्री महागड्या टुरिस्ट हॉटेलात जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी साध्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत जा. दाराबाहेर फळ्यावर खडूनं "मिटाग्समेन्यू" लिहिलेलं असतं, म्हणजे एक सूप आणि एक मुख्य पदार्थ, ठरलेल्या किमतीत. आसपासच्या ऑफिसांतली, बांधकामावरची माणसं तेच खातात, त्यामुळे ताजं असतं आणि पटकन येतं. वेळ मात्र पाळा. किचन साधारण साडेअकरा ते दोन, मग थेट संध्याकाळी सहा ते नऊ. अडीचला गेलात तर बसायला मिळेल, कॉफी मिळेल, जेवण बहुतेक नाही. आठवड्यातला एखाददुसरा दिवस "रूहेटाग" म्हणजे सुट्टी असते, बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवार. स्कीइंगच्या गावांत तर एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये निम्मी हॉटेलं बंद असतात, तेव्हा घाटातून गाडी हाकत जाण्याआधी फोन करा.

आत शिरताना "ग्रूस गॉट" म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुपारच्या वेळी ओळख नसलेली माणसंही एकमेकांना "मालत्साइट" म्हणतात, आपणही म्हणायचं. टेबल बहुतेक ठिकाणी आपणच निवडायचं, फक्त ज्या टेबलावर "श्टामटिश" अशी पाटी असेल तिथं बसू नका, ते गावातल्या रोजच्या मंडळींचं असतं. पाण्याला काही जागी पैसे लावतात, नळाचं हवं असेल तर "लाइटुंग्सवासर" मागा, आल्प्समध्ये ते झऱ्याचं असतं आणि उत्तम असतं. टेबलावरच्या टोपलीतला पाव फुकट धरू नका, किती खाल्ले ते बऱ्याच जागी शेवटी विचारतात. बिलासाठी "त्साहलन बिट्टं". टीप पाच ते दहा टक्के, ती टेबलावर ठेवून जायची नसते, पैसे देतानाच एकूण रक्कम सांगायची: बिल २७.४० युरो झालं तर "ड्रायसिश" म्हणा, म्हणजे तीस घ्या. कार्ड हल्ली चालतं, पण रोख जवळ ठेवाच.

पायरी २: मांसाची नावं आधी पाठ करा

हे सगळ्यात आधी शिका, कारण इथं नावावरून फसायला होतं. रिंड म्हणजे गाय-बैल, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे डुक्कर, पुटं म्हणजे टर्की, हून किंवा हेंडल म्हणजे कोंबडी. आपल्यातले बीफ न खाणारे कितीतरी जण बिनधास्त "वीनर श्नित्सल" मागवतात. ऑस्ट्रियात या नावानं फक्त वासराच्या मांसाचंच श्नित्सल विकता येतं, डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं, "फोम श्वाइन" वगैरे. कोंबडी हवी असेल तर "बाकहेंडल" मागा, तेही अस्सल ऑस्ट्रियन आहे आणि माझ्या मते श्नित्सलपेक्षा चवदार.

दुसरा फसवा शब्द "लेबरकेझं". नावात चीज आहे म्हणून शाकाहारी मंडळी घेतात, पण त्यात चीज नसतं, ते डुकराच्या आणि बीफच्या बारीक वाटलेल्या मांसाचं भाजलेलं लोफ असतं. "केझंक्राइनर"मध्ये चीज असतं खरं, पण सॉसेजच्या आत. टाफलश्पिट्स (उकडलेलं मांस) आणि गुलाश (मांसाचा दाट रस्सा) म्हणजे जवळजवळ कायम बीफ.

मेन्यूवर पदार्थापुढं ए, सी, जी अशी बारीक अक्षरं असतात, ती ॲलर्जीची खूण आहे. ए म्हणजे ग्लुटेन, सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, एच म्हणजे बदाम-अक्रोड वगैरे. अंडं न खाणाऱ्यांनी फक्त सी शोधायचा, वेटरशी जर्मनमध्ये झगडावं लागत नाही.

पायरी ३: शाकाहारी असाल तर या चार जागा तपासा

पहिली जागा सूप. स्वच्छ, सोनेरी, वर चिरलेली हिरवी पात घातलेलं सूप बघून ते भाज्यांचं वाटतं, पण ते बहुतेक वेळा "रिंडसुपं" असतं, म्हणजे बीफच्या हाडांचं. फ्रिटाटनसुपंमध्ये धिरड्याच्या पट्ट्या असतात, ग्रीसनॉकर्लसुपंमध्ये रव्याचे गोळे, पण खालचं पाणी बीफचंच. "गेम्यूजसुपं" म्हणजे भाज्यांचं आहे का ते विचारा.

दुसरी जागा सॅलड. बटाट्याच्या सॅलडमध्ये पुष्कळदा तेच बीफचं सूप घालून तो मऊ करतात, आणि कोबीच्या गरम सॅलडवर स्पेक, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे परतून घालतात. सावरक्राउटमध्येही, म्हणजे आंबवलेल्या कोबीत, बऱ्याचदा स्पेक असतो. "ओनं श्पेक, ओनं फ्लाइश बिट्टं", म्हणजे स्पेक नको, मांस नको, एवढं वाक्य पाठ असू द्या.

तिसरी तळण. जत्रेतले क्राप्फन आणि किआखल हे तळलेले पिठाचे पदार्थ काही जण डुकराच्या चरबीत तळतात, तिला श्माल्त्स म्हणतात. पण "बुटरश्माल्त्स" म्हणजे चक्क आपलं तूप, ते निर्धास्त खा. चौथी चीज: बर्गकेझं, म्हणजे डोंगरातलं मुरवलेलं घट्ट चीज, वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) घालून बनतं, इथं त्याला लाब म्हणतात. ज्यांना रेनेट चालत नाही त्यांच्यासाठी टिरोलचं ग्राउकेझं आहे, ते साय काढलेलं दूध आंबवून बनवतात, त्यात रेनेट लागतच नाही. वास उग्र असतो, चव आंबट, वर कच्चा कांदा, व्हिनेगर आणि तेल घालून देतात. मला ते मनापासून आवडतं, पण पहिल्यांदा थोडंच घ्या.

पायरी ४: या क्रमानं मागवा

सुरुवात कासनॉकन किंवा केझंश्पेट्सलं यांनी करा. पिठाचे छोटे ओबडधोबड गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, काढून लोखंडी तव्यात लोणी आणि मुरलेल्या चीजबरोबर परतायचे, वर तांबूस तळलेला कांदा. साल्झबुर्गच्या पिंट्सगाव भागात हा पदार्थ तव्यातच टेबलावर येतो, आणि सगळेजण त्याच तव्यातून खातात. तळाला चीज धरतं आणि त्याची करकरीत खरपूस पापडी होते, ती चमच्यानं खरवडून काढायची, खरी चव तिथंच असते. सोबत हिरवं सॅलड घ्याच, नाहीतर जड होतं.

मग क्नोडल. शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून, अंडं घालून वळलेले गोळे. स्पेकचे असतात, पालकाचे असतात, चीजचे असतात. त्यातला कासप्रेसक्नोडल हा टिरोलचा लाडका: चीज घातलेला गोळा दाबून चपटा करतात, तुपात किंवा तेलात दोन्हीकडून तांबूस भाजतात आणि मग सूपमध्ये सोडतात. शाकाहारी लोकांनी सूपऐवजी "मिट सलाट", म्हणजे सॅलडबरोबर मागावा, असा तो सगळीकडं मिळतो.

केर्न्टनला गेलात तर कासनुडल्न चुकवू नका. पातळ पारीत टॉपफेन नावाचं ताजं पांढरं चीज, उकडलेला बटाटा आणि पुदिना भरतात, आणि कडेला अगदी करंजीसारखी मुरड घालतात. त्या मुरडीला तिकडं "क्रेंडल्न" म्हणतात आणि ती नीट येते का यावर बाईमाणसाचं कसब ठरायचं. उकडून वर लोणी ओतून देतात. पूर्व टिरोलमध्ये याचाच भाऊबंद श्लिप्फक्राप्फन, त्यात बटाट्याचं सारण.

ग्रोस्टल हा उरल्यासुरल्याचा पदार्थ, रविवारचं भाजलेलं मांस आणि उकडलेले बटाटे कांद्याबरोबर तव्यात परतायचे, वर हाफ फ्राय अंडं. मांस नको असेल तर तसं सांगा, करून देतात.

गोडात काइझरश्मार्न, म्हणजे जाड, फुगलेल्या गोड धिरड्याचे तव्यातच केलेले तुकडे. हे डेझर्ट समजून जेवणानंतर मागवू नका, प्लेट अर्ध्या घराला पुरेल एवढी येते. आधी एक सूप, मग श्मार्न, झालं जेवण. इथले लोक असंच खातात. चांगला श्मार्न यायला वीसेक मिनिटं लागतात, मागवल्यावर पाच मिनिटांत आला तर तो आधीच करून ठेवलेला असतो. सोबत सफरचंदाची पेस्ट किंवा प्लमचा शिजवलेला मुरंबा येतो, प्लमचाच घ्या. मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, नको असतील तर "ओनं रोझीनन". हिवाळ्यात गेर्मक्नोडल, म्हणजे यीस्टचा वाफवलेला मोठा गोळा, आत घट्ट आटवलेला प्लम, वर वाटलेली खसखस, साखर आणि पातळ लोणी. आपल्याला खसखस नवी नाही, पण एवढी सढळ हातानं घातलेली बघून जीव सुखावतो.

एक मनापासून सांगते: पहिल्या घासाआधी मिरचीची बाटली काढू नका. या जेवणाची चव लोण्याच्या खरपूसपणात आणि चीजच्या मुरण्यात आहे, तिखटानं ती पार मरते. झणका हवाच असेल तर "क्रेन" मागा, ताजा किसलेला हॉर्सरॅडिश, तो थेट नाकात चढतो. शिवाय काळी मिरी, कच्चा कांदा आणि शहाजिऱ्याच्या जातीचं क्युमल इथं भरपूर वापरतात.

पायरी ५: आल्मवर जा

आल्म म्हणजे उंचावरची उन्हाळी कुरणं आणि तिथली गवळ्याची झोपडी. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गाई वर असतात, दूध तिथंच काढतात, कित्येक ठिकाणी चीज आणि लोणीही तिथंच करतात. सप्टेंबरमध्ये गाई सजवून खाली आणतात, त्या मिरवणुकीला आल्मअबट्रीब म्हणतात आणि त्या दिवशी गावात खाण्याचे स्टॉल लागतात, जमलं तर नक्की जा.

आल्मवर "ब्रेटलयाउझं" मागवा: लाकडी फळीवर दोन-तीन चीज, लोणी, काळा पाव, किसलेला क्रेन, लोणचं, आणि मांस खाणाऱ्यांना स्पेक. शाकाहारी असाल तर "केझंब्रेटल" मागा. प्यायला "बुटरमिल्श", म्हणजे ताकच, फक्त जरा घट्ट आणि बिनमिठाचं. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पुडीत बांधून न्या, दोन तास चढून आल्यावर ते ताक काय लागतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ताक नको तर स्कीवासर, म्हणजे रास्पबेरी आणि लिंबाचं सरबत, किंवा आल्मडुडलर, औषधी वनस्पतींच्या चवीचं सोडा-लेमोनेड, जे १९५७ पासून इथं प्यायलं जातं.

टेबलं लांब असतात, अनोळखी लोकांशेजारी बसायचं असतं, "इस्ट डा नोख फ्राय?", म्हणजे इथं जागा आहे का, विचारा आणि बसा. १००० मीटरच्या वर माणसं एकदम अरे-तुरेवर येतात, "ग्रिआस डी" म्हणतात, त्यात अपमान नसतो, आपणही तसंच बोलायचं. रोख पैसे लागतात. इन्सब्रुकमध्ये असाल तर नोर्डकेटं या डोंगररांगेच्या उतारावरच्या आर्त्स्लर आल्म किंवा उम्ब्र्युगलर आल्मपर्यंत शहरातूनच चालत जाता येतं, लहान मुलं असली तरी जमतं.

वारंवार डोंगरात जात असाल तर आल्पेनफेराइन या गिर्यारोहकांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्या. त्यांच्या झोपड्यांमध्ये सदस्यांना "बर्गश्टाइगरएसन" नावाचं स्वस्त, पोटभरीचं गरम जेवण मिळतं आणि मुक्कामाला सवलतही.

पायरी ६: दुकानात काय मागायचं

रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी संध्याकाळी सहाला बंद, मोठ्या स्टेशनवरची दुकानं तेवढी उघडी. टिरोलमध्ये एमप्राइस, शिवाय श्पार, होफर, बिला सगळीकडं आहेत. पण चीज घ्यायला शेतकऱ्यांच्या बाजारात जा, इन्सब्रुकला इन नदीकाठच्या मार्क्टहालंमध्ये. वजन "डेका"मध्ये सांगायचं, एक डेका म्हणजे १० ग्रॅम, तेव्हा "त्स्वांत्सिश डेका बर्गकेझं" म्हटलं की २०० ग्रॅम मिळतं. बर्गकेझं किती महिने मुरलंय ते विचारा, स्वयंपाकाला तीन ते सहा महिन्यांचं पुरे, नुसतं खायला त्याहून जुनं. "डार्फ इश कोस्टन?" विचारलं की आनंदानं चव देतात. "हॉयमिल्श" लिहिलेलं दूध म्हणजे मुरघास न देता गवत आणि वाळल्या चाऱ्यावर वाढलेल्या गाईंचं, त्याचं दही घरी फार छान लागतं.

पिठात गोंधळ होतो. पाकिटावर "ग्लाट" म्हणजे एकदम बारीक, ते श्मार्न आणि स्ट्रुडलला, "ग्रिफिश" म्हणजे बोटाला किंचित रवाळ लागणारं, ते नॉकन आणि क्नोडलला. आपण चपातीला जशी कणीक बघून घेतो तेवढीच काळजी इथं घ्या, चुकीच्या पिठाचे नॉकन चिकट होतात. "क्नोडलब्रोट" म्हणजे वाळवलेल्या पावाचे चौकोनी तुकडे, तयार पिशवीत मिळतात. टॉपफेन घेताना श्रीखंडाला स्निग्धांश जास्त असलेला घ्या, कासनुडल्नला "ब्रोझलटॉपफेन", तो कोरडा आणि भुरभुरीत असतो.

स्टायरियाचं भोपळ्याच्या बियांचं तेल, काळपट हिरवं, एक छोटी बाटली तरी आणा. ते तापवायचं नाही, सॅलडवर किंवा सूपवर वरून घालायचं. वाफाळत्या वरणावर तुपाऐवजी थोडं घालून बघा, खरंच छान लागतं.

कुठल्या महिन्यात काय

मार्च-एप्रिलमध्ये जंगलात बेअरलाउख, म्हणजे रानलसूण उगवतो, सगळे त्याची चटणी आणि सूप करतात. स्वतः तोडायच्या भानगडीत पडू नका, लिली ऑफ द व्हॅली आणि ऑटम क्रोकस या दोन विषारी वनस्पतींची पानं तशीच दिसतात, बाजारातून जुडी घ्या. मेअखेर-जूनमध्ये एल्डरच्या फुलांचं सरबत, जुलैमध्ये जर्दाळू आणि त्याचे मारिलनक्नोडल, उन्हाळाभर पिवळ्या आयरश्वामर्ल मश्रूम, सप्टेंबरला प्लम. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या बाजारात टिरोलर किआखल, तळलेली मधे दबलेली पुरी, वर सावरक्राउट किंवा आंबटगोड लाल बेरीचा जॅम, बेरीवाली घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत फाशिंगक्राप्फन, म्हणजे कार्निव्हलचे तळलेले गोल गोळे, जर्दाळूचा जॅम भरलेले.

शेवटी घरी: कासप्रेसक्नोडल

चार माणसांना: २५० ग्रॅम क्नोडलब्रोट, पाव लिटर कोमट दूध, २ अंडी, २०० ग्रॅम बर्गकेझं (त्यातलं पाव ग्राउकेझं घेतलं तर चव खुलते), एक मोठा कांदा, मूठभर पार्सली, एक-दोन चमचे ग्रिफिश पीठ, मीठ, किसलेलं जायफळ, आणि भाजायला तूप.

कांदा बारीक चिरून तुपात गुलाबी करा, गार होऊ द्या. पावाच्या तुकड्यांवर दूध ओता, वर फेटलेली अंडी, कांदा, पार्सली, मीठ, जायफळ घालून हलक्या हातानं कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास कमी करू नका, पाव आतपर्यंत भिजला नाही तर क्नोडल फुटतो. मग चीजचे छोटे तुकडे आणि पीठ घाला. चीज किसायचं नाही, तुकडे ठेवले की भाजताना तवा लागेल तिथं ते वितळून तांबूस होतात आणि क्नोडलला जाळीदार खरपूस कड येते. मिश्रण हाताला ओलं लागलं पाहिजे पण दाबल्यावर पाणी सुटता कामा नये, सुटलं तर अजून चमचाभर पीठ. आधी एकच छोटा क्नोडल भाजून बघा, मीठ आणि बांधणी दोन्ही कळतं.

हात ओले करून गोळे वळा, दोन सेंटिमीटर जाड राहतील असे दाबा. मध्यम आचेवर, भरपूर तुपात, एका बाजूला चार-पाच मिनिटं. मोठी आच केली तर बाहेरून करपतात आणि आतला पाव कच्चट राहतो. भाज्यांचं सूप गरम करून बशीत घ्या, क्नोडल वाढतानाच त्यात सोडा, वर चिरलेली चाइव्ह. सूपमध्ये सोडून उकळू नका. गोल क्नोडल पाण्यात शिजवायचे असतील तरी पाणी फक्त हलकं थरथरत ठेवायचं, आणि उंचावरच्या गावात राहत असाल तर दोन-तीन मिनिटं जास्त द्या, १५०० मीटरवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं.

दुप्पट करून ठेवा. भाजून गार झालेले क्नोडल मधे कागद घालून फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतात, कामावरून आल्यावर न वितळवता तसेच ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवले आणि कोबीची कोशिंबीर केली की रात्रीचं जेवण तयार.